टोळी कुणाची, मंडळ कुणाचे?

उपनगरातल्या कुठल्याही नाक्यावर संध्याकाळी सातनंतर जाऊन पाहा. दहा-बारा पोरं, चार मोटारसायकली, एक टपरी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. वय चौदा ते बावीस. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, त्यावर गॉगल लावलेला 'भाई' आणि खाली वीस शुभेच्छुकांचे गोल चेहरे. हे दृश्य बोरिवलीत आहे, मुलुंडला आहे, घाटकोपरच्या असल्फ्यात आहे, अंधेरीच्या जुहू गल्लीत आहे. कपडे तेच, केस कापायची तऱ्हा तीच, शिव्याही त्याच. बदलतो तो फक्त शब्द. एका गल्लीत त्यांना 'मंडळाचे कार्यकर्ते' म्हणतात, दुसऱ्या गल्लीत 'टवाळ पोरं' म्हणतात आणि तिसऱ्या गल्लीत 'गँग' म्हणतात. तिसरी गल्ली बऱ्याचदा आमची असते.

मला या शब्दांवरच बोलायचे आहे. कारण शब्द आधी चिकटतो आणि पोरगा नंतर त्या शब्दाच्या मापाचा होतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: पोरांनी एकत्र येणे हा गुन्हा नाही, तो त्या वयाचा स्वभाव आहे. त्या घोळक्याचे पुढे काय होणार, हे त्याला काम कोण देतो, मान कोण देतो आणि नाव कोण देतो यावर ठरते. त्याचा धर्म, त्याची जात, त्याचे रक्त यांवर ते ठरत नाही. ही गोष्ट पोलिसांना पटत नाही, वर्तमानपत्रांना सोयीची नाही आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मोठ्यांनाही ऐकायची नाही. म्हणून ती सांगावी लागते.

घोळका म्हणजे काय?

फ्रेडरिक थ्रॅशर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या 1,313 टोळ्यांचा अभ्यास करून 1927 साली पुस्तक लिहिले. शिकागो तेव्हा आपल्या उपनगरांसारखेच झपाट्याने वाढणारे शहर होते. त्याला दिसले ते असे की टोळ्या शहराच्या सांध्यांमध्ये वाढतात: जिथे कारखाने आणि वस्ती यांची सरमिसळ आहे, जिथे जुने लोक निघून गेलेत आणि नव्यांना अजून कुणी आपले मानलेले नाही. पोरांचा घोळका सुरुवातीला खेळण्यासाठीच जमतो. कुणी तरी हुसकावते, दुसऱ्या घोळक्याशी मारामारी होते, पोलीस येतात, आणि त्या संघर्षातून 'आपण' आणि 'ते' तयार होतात. घोळक्याची टोळी होते ती अशी.

पुढे 1943 मध्ये विल्यम फूट व्हाइटने बॉस्टनमधल्या इटालियन वस्तीतल्या नाक्यावरच्या पोरांवर पुस्तक लिहिले. तो त्या वस्तीत राहिला, त्या पोरांबरोबर फिरला. बाहेरचे लोक म्हणत होते की झोपडपट्टीत शिस्तच नाही. व्हाइटला उलटे दिसले. नाक्यावर कडक शिस्त होती, देणी-घेणी होती, कोण कुणाच्या पाठीशी उभा राहणार याचे नियम होते. फक्त त्या शिस्तीला बाहेरच्या शहरात किंमत नव्हती.

मराठी वाचकाला हे कळायला परदेशात जायची गरज नाही. भाऊ पाध्ये यांचे 'वासूनाका' 1965 साली आले. मुंबईच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मराठी पोरांची भाषा, त्यांची वासना, त्यांचा रिकामा वेळ त्यांनी जसाच्या तसा लिहिला आणि आचार्य अत्र्यांसारख्यांनी त्यावर अश्लीलतेची झोड उठवली. लोकांना राग आला तो नाका पुस्तकात आल्याचा. नाका मात्र आधीपासून तिथेच होता आणि त्यावर उभी असलेली पोरं कुणा एका धर्माची नव्हती.

गिरणी बंद पडली तेव्हा

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि त्यानंतर गिरणगावच हळूहळू मिटत गेले. त्याच्या एकच आठवडा आधी, 11 जानेवारीला, कीर्ती कॉलेजात शिकलेला मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळीने मेला. पुढच्या दहा वर्षांत दगडी चाळीतून अरुण गवळी, रामा नाईक, बाबू रेशीम ही नावे वर आली. उपनगरांकडे या: चेंबूरच्या टिळकनगरात सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकणारा राजेंद्र निकाळजे बडा राजनच्या टोळीत शिरला आणि छोटा राजन झाला. कांजूरला अशोक जोशीची टोळी होती. त्याच टोळीतून पुढे दाऊदच्या टोळीत गेलेला माया डोळस 16 नोव्हेंबर 1991 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. 2007 मध्ये त्यावर सिनेमा निघाला आणि आमच्या वर्गातल्या पोरांनाही त्यातले संवाद तोंडपाठ झाले.

आता ही नावे पुन्हा वाचा. सुर्वे, गवळी, नाईक, निकाळजे, जोशी, डोळस. ही नावे मी कुणाला डिवचण्यासाठी लिहिलेली नाहीत. या माणसांच्या कृत्यांबद्दल मराठी समाजाला कुणी जाब विचारला नाही, आणि ते अगदी योग्य झाले. उलट, गिरण्या बंद पडल्या, घरातली चूल विझली, थोरला भाऊ दारूत गेला आणि धाकटा टोळीत गेला, हे मराठी समाजाने समजून घेतले. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात गिरणी कामगाराच्या घरातला मुलगा टोळीत जातो तेव्हा प्रेक्षक त्याच्या आईसाठी रडतो. कुणीही त्या आईला तिची जात विचारत नाही.

माझा सवाल एवढाच आहे की हे समजून घेणे आमच्या आईच्या वाट्याला का येत नाही? दाऊद इब्राहिम हे एक नाव पुढे करून अंधेरीत घर भाड्याने शोधणाऱ्या शेख-खान-अन्सारींना दारातून परत पाठवले जाते. गवळीच्या नावावरून कुणा गवळ्याला घर नाकारल्याचे मी ऐकलेले नाही. लालबागच्या टोळीला कारण असते आणि मालवणीच्या टोळीला फक्त धर्म असतो, हा कुठला न्याय? कारण शोधायचे तर दोन्हीकडे शोधा. जोगेश्वरीत जानेवारी 1993 मध्ये काय झाले, त्यानंतर कोण कुठून उठून कुठे राहायला गेले, मिश्र वस्त्यांतली माणसे आपापल्यांत कशी दाटीने जाऊन बसली, हे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. थ्रॅशर ज्याला शहराचे सांधे म्हणत होता, ते आपल्याकडे दंगलीनेही तयार केले.

काम कोण देतो?

2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात 30 लाख 85 हजार माणसे होती आणि उपनगर जिल्ह्यात 93 लाख 57 हजार. म्हणजे चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरातले. एवढी माणसे राहायची तर जमीन लागते, आणि जिथे जमिनीला भाव येतो तिथे दमदाटीलाही भाव येतो. 1995 पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. झोपडीधारकांच्या संमतीच्या सह्या गोळा करणे, सही न देणाऱ्याला 'समजावणे', रिकाम्या झालेल्या खोलीवर ताबा ठेवणे, ही कामे कुणी तरी करावी लागतात. त्याआधी केबलच्या जोडण्यांवरून मारामाऱ्या झाल्या. पाण्याचे टँकर, पार्किंग, फेरीवाल्यांचा हप्ता, निवडणुकीतल्या रॅलीची गर्दी, सगळीकडे पोरं लागतात. दिवसाला पाचशे रुपये, एक बिर्याणी किंवा वडापाव आणि 'अपना आदमी है' हे तीन शब्द. ही भरती नाक्यावरून होते. पैसे देणारा मात्र नाक्यावर राहत नाही. तो टॉवरमध्ये राहतो, आणि त्याला कुणी गँग म्हणत नाही.

शिकागोतही असेच होते. तिथले राजकीय पुढारी पोरांच्या टोळ्यांना जागा भाड्याने घेऊन देत, जर्सी देत आणि त्यांना 'अ‍ॅथलेटिक क्लब' म्हणत. 1919 च्या वांशिक दंगलीत 38 माणसे मेली. त्या दंगलीत आयरिश पोरांच्या या क्लबांचा हात असल्याचे चौकशी आयोगाने नोंदवले. त्यातल्याच हॅम्बर्ग क्लबचा एक तरुण सदस्य, रिचर्ड डेली, पुढे त्या क्लबचा अध्यक्ष झाला आणि 1955 ते 1976 अशी सलग 21 वर्षे शिकागोचा महापौर राहिला. त्याच काळात त्याच शहरातल्या काळ्या पोरांच्या घोळक्यांना पोलिसांच्या यादीत जागा मिळत होती. एका घोळक्याच्या डोक्यावर शहराचा हात होता आणि दुसऱ्याच्या मानेवर. पुढचा सगळा फरक तिथून पडला.

आपल्याकडची चांगली बाजूही पाहू. गोविंदा पथक म्हणजे काय? पंधरा ते पंचवीस वयाची शे-दोनशे पोरं, सराव, शिस्त, एक टी-शर्ट, ओरडणारा प्रशिक्षक आणि पडलो तर झेलणारे खांदे. घाटकोपरच्या हंड्यांना लाखांची बक्षिसे असतात. त्या दिवशी रस्ता बंद होतो, पोलीस बंदोबस्त देतात, विमा उतरवला जातो. थराच्या उंचीवर आणि गोविंदाच्या वयावर उच्च न्यायालयाने 2014 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये निर्णय दिले. 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत या खेळाला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. एका वयाच्या पोरांच्या घोळक्यासाठी अख्खे राज्य विचार करते, न्यायालय विचार करते. मला याची असूया वाटत नाही. मला हेच हवे आहे. ज्या घोळक्याला असा हात मिळतो त्यातला पोरगा नाक्यावरच्या भाईकडे कमी जातो, हे मी शिक्षक म्हणून रोज पाहतो. तेवढाच विचार गोवंडीच्या पोरांचा झाला, तर काय बिघडेल? मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग तळाला होता. तिथे हात गेला, पण तो बहुतेक वेळा कॉलर धरायलाच गेला.

नाव कोण देतो?

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्माला आलेले मूल गुन्हेगार, त्याचा बाप गुन्हेगार, दोघांची हजेरी चौकीत. देशभरातून हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा' लिहिली ती अशाच कपाळावर शिक्का मारलेल्या समाजातल्या माणसाची. भुकेल्या वस्तीसाठी धान्य लुटणारा फकिरा सरकारी दफ्तरात दरोडेखोर होता. अण्णाभाऊंनी दफ्तरातला शब्द खोडून दुसरा शब्द लिहिला. कायदा गेला, दफ्तर मात्र आजही उघडे आहे.

त्या दफ्तराचे आजचे रूप असे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराची नाक्यावर मारामारी होते. चॅप्टर केस होते, जामीनपत्र लिहून घेतले जाते. सण आला, निवडणूक आली की यादी काढून त्यालाच बोलावले जाते. पुढे सुरक्षारक्षकाची नोकरी असो, गाडी चालवायची कंपनी असो की पासपोर्ट, चारित्र्य पडताळणीत ती नोंद समोर येते. काम मिळत नाही. मग उरतो कोण? तोच, जो पडताळणी मागत नाही. नाक्यावरचा भाई. आणखी दोन नोंदी झाल्या की तडीपारी. मुंबईतून काढले की पोरगा मुंब्रा, भिवंडी किंवा नालासोपाऱ्यात जातो, तिथे नव्या ओळखी होतात. शहराने पोराला घाबरून टोळीकडे स्वतःच पोहोचवून दिले.

राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्रातल्या तुरुंगांतल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. राज्याच्या लोकसंख्येत मुस्लिम साडेअकरा टक्के, आणि तुरुंगात जवळजवळ एक तृतीयांश. त्यांना भेटलेल्या कैद्यांत बहुतेक तरुण होते, कमी शिकलेले होते, आणि बहुतेकांचा कुठल्याही संघटित टोळीशी संबंध नव्हता. ज्यांना उठता-बसता गँग म्हटले जाते त्यांच्यातले बहुतेक गँगमध्ये नव्हतेच. हा अभ्यास निघून दहा वर्षांहून अधिक काळ झाला. त्यावर काय केले, हे कुणी तरी सरकारला विचारायला हवे.

आणि कायदा काय म्हणतो? बालन्याय कायदा 2015 मध्ये कडक झाला, 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायची सोय झाली, याची चर्चा खूप होते. त्याच कायद्याच्या कलम 24 ची चर्चा कुणी करत नाही. अल्पवयात हातून गुन्हा झाला म्हणून पुढे त्या मुलाला सहसा अपात्र ठरवता येत नाही, असे ते कलम सांगते. 2016 च्या नियमांत तर अतिगंभीर गुन्हा किंवा मोठ्यांसोबत केलेला गुन्हा सोडून इतर बाबतीत अल्पवयीन मुलावर एफआयआरच नोंदवायचा नाही, असे आहे. हे मोहल्ल्यातल्या किती आई-बापांना माहीत आहे? किती शिक्षकांना माहीत आहे?

आता आपल्या घरात बोलू

एवढे वाचून मान डोलावणाऱ्या माझ्या मुस्लिम वाचकांनो, थांबा. पुढचे तुमच्यासाठी आहे.

बदनामीची तक्रार आपण जोरात करतो. गल्लीतल्या 'बटन'च्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि एमडी यांबद्दल मात्र आपण कुजबुजतो. एमडी 2015 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, म्हणजे ते विकणे गंभीर गुन्हा आहे. कोण विकतो हे जिन्यावरच्या बायकांना माहीत असते. तरी त्याच माणसाचा चंदा आपण कव्वालीच्या कार्यक्रमाला घेतो, त्याला हार घालतो, त्याच्या गाडीत बसतो. पोरगा हे पाहतो. त्याला कुठलेही व्याख्यान द्यायची गरज उरत नाही. कौममध्ये इज्जत कशाने मिळते, हे त्याला आपण दाखवलेले असते.

दुसरे, शिक्षणाचे. महापालिकेच्या बहुतेक उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंत. शिक्षण हक्काचा कायदाही चौदा वर्षांपर्यंतच. म्हणजे ज्या वयात नाका सर्वात जोरात बोलावतो, नेमक्या त्याच वयात शाळा हात सोडते. नववीसाठी दूरची शाळा, अनोळखी माध्यम, बसचा खर्च. पोरगा गॅरेजमध्ये, जरीच्या कारखान्यात किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर जातो आणि संध्याकाळी नाक्यावर. जोगेश्वरीत सर मोहम्मद युसूफ यांच्या देणगीतून 1930 साली इस्माईल युसूफ कॉलेज उभे राहिले. टेकडीवर कॉलेज आणि पायथ्याच्या गल्ल्यांत नववीत शाळा सोडलेली पोरं, हे चित्र आपल्याला बोचत का नाही? मशिदीच्या नव्या मजल्यासाठी, टाइल्ससाठी, रोषणाईसाठी पैसे उभे राहतात. गल्लीत वीस खुर्च्यांची अभ्यासिका उभी राहत नाही. 'पोरगं हाताबाहेर गेलंय' म्हणणाऱ्या किती बुजुर्गांनी त्या पोराचे नाव घेऊन त्याच्याशी शेवटचे कधी बोलले, हे स्वतःला विचारावे.

तिसरे, मुलींचे. नाका पोरांचा झाला की रस्ता मुलींचा राहत नाही. भावाच्या मित्रांच्या भीतीने बहिणीची शाळा सुटते. टोळीचा पहिला बळी पोलिसांच्या कागदावर येतच नाही, तो घरात बसलेला असतो.

'गरीब तर सगळेच असतात'

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: गरिबीत सगळेच वाढतात, सगळेच काही टोळीत जात नाहीत, गुन्हेगाराची बाजू घेऊ नका. मुद्दा खरा आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. शंभरातली नव्वद पोरं टोळीत जात नाहीत. ती का जात नाहीत, हे कुणी विचारले का? माझ्या अनुभवात त्यांच्यामागे एखादा मोठा माणूस असतो. मामा, गॅरेजचा मालक, क्रिकेटचा प्रशिक्षक, एखाद्या बाई. त्याला वाट पाहणारे कुणी तरी असते. उरलेल्या दहांसाठी ती वाट भाई पाहतो. आणि ज्याने चाकू चालवला, ज्याने गोळ्या विकल्या, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. टोळीचा जाच टॉवरमधल्यांना होत नाही, आमच्याच गल्लीतल्या पानवाल्याला, रिक्षावाल्याला, मुलीला होतो. आम्हाला पोलीस हवेत. फक्त ते गुन्हा पाहून यावेत, पत्ता पाहून येऊ नयेत.

असे पोलीस आपल्या राज्यात होऊन गेलेत. 1984 च्या दंगलीने जळालेल्या भिवंडीत सुरेश खोपडे यांनी पुढे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हवालदार, मौलवी, यंत्रमाग कामगार, दुकानदार एका सतरंजीवर बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्या झाल्या आणि पोलीस व वस्तीतली पोरं एकत्र क्रिकेट खेळली. ज्या पोलिसाला पोराने चेंडू टाकला आहे, त्याला त्या पोराचे नाव माहीत असते. नाव माहीत असले की यादीची गरज कमी पडते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. महापालिकेने प्रत्येक वॉर्डात उर्दू शाळांना नववी-दहावी जोडावी. शाळांची मैदाने आणि वर्गखोल्या रात्री दहापर्यंत पोरांसाठी उघड्या ठेवाव्यात. पोलिसांनी अल्पवयीन मुलांबाबत कायद्यात आधीच लिहिलेले पाळावे आणि पहिल्या मारामारीची नोंद पोराच्या पोटावर मारू नये. पत्रकारांनी 'गँग' हा शब्द आरोपपत्रात असेल तेव्हाच वापरावा, आणि सगळ्या गल्ल्यांसाठी सारखाच वापरावा. मशिदींच्या ट्रस्टनी आणि जमातींनी एका वर्षासाठी रोषणाईचा खर्च अभ्यासिकेकडे वळवावा आणि गोळ्या विकणाऱ्याचा चंदा परत करावा. यातले शेवटचे काम करायला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही. ते या जुम्याला सुरू करता येते.